इथे धडाम पाहिजे

सोमवार, ३ नोव्हेंबर

लोक हसले! भुताच्या सिनेमाला लोक हसले!

आज पन्नासेक माणसं बोलावून त्यांना आमचा सिनेमा दाखवला. अजून पुरा झालेला नाही, पण काय जमतंय आणि काय नाही ते कळावं म्हणून. मी सगळ्यात मागच्या रांगेत बसले होते. आरशातून ती बाई बाहेर येते तिथे माझ्या पुढचे गृहस्थ खोकल्याच्या गोळीचा कागद सोडवत होते. सावकाश. कुर्र कुर्र. भूत जिना उतरायला लागलं तर कुणीतरी म्हणालं, "अहो, जपून, पाय घसरेल!" झालं. अख्खं थिएटर हसत सुटलं. मीही हसले असते — पण तो जिना मी संकलनाच्या टेबलावर आठवडाभर कापत बसले होते.

बाहेर आल्यावर दिग्दर्शक मला म्हणाले, "मॅडम, जिन्यावर धडाम कमी पडतंय."

धडाम म्हणजे मोठ्ठा आवाज. यांना तो सगळीकडे लागतो. दार उघडलं — धडाम. मांजर आली — धडाम. बाई मागे वळली — धडाम. मी मनातल्या मनात त्यांचं नावच धडामराव ठेवलंय. एक दिवस तोंडावर म्हणून बसेन.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

दिवसभर धडाम लावले. डोकं ठणकतंय.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज राहवलं नाही. म्हटलं, "सर, दचकणं वेगळं आणि घाबरणं वेगळं."

"प्रेक्षक खुर्चीतून उडाला पाहिजे, मॅडम. बास."

"मागून कुणी फुगा फोडला तरी मी उडते. म्हणून मी फुग्याला घाबरते का?"

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. शांतपणे म्हणाले, "मग तुम्हीच सांगा. लोक खरे कशाला घाबरतात?"

आयुष्यभर विनोदी सिनेमे कापले. हशा कुठे येणार ते मला पडदा न बघता कळतं. पण भीती? नुसतीच ततपप. त्यांनी मान हलवली, "जिन्यावर अजून एक टाका," म्हणाले आणि गेले.

सगळ्यात राग याचा येतोय की त्यांचं चुकतंय हे मला पक्कं माहीत आहे, आणि बरोबर काय ते माहीत नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

सासूबाईंना भुताचे सिनेमे भारी आवडतात. दुपारी जेवणं झाली की शाल पांघरून बसतात आणि एकामागून एक बघतात. मला वाटलं, यांच्याइतकी अनुभवी प्रेक्षक दुसरीकडे कुठे मिळणार! लॅपटॉपवर आमचा सिनेमा लावून दिला. "कुणाला सांगू नका हं," असंही बजावलं. म्हणजे आता अख्ख्या बिल्डिंगला कळेल.

पूर्ण सिनेमाभर मटार सोलत होत्या. एक दाणा खाली पडला नाही.

"काय हो, भीती वाटली का?"

"ती केस मोकळे सोडून एवढी फिरते, तिला उकडत नाही का गं?"

"आई, भीतीचं विचारतेय मी."

"नाही बाई. भूत दिसलं ना, की मी निवांत होते. कळतं तरी कुठे आहे ते."

हे लिहून ठेवावंसं वाटलं म्हणून लिहिलं. धडामरावांना सांगून उपयोग नाही.

मग जिन्याच्या जागी दुसरं काही घालता येतं का बघावं म्हणून मी न वापरलेले शॉट चाळायला लागले. सासूबाई शेजारीच होत्या. अडगळीच्या खोलीचा एक टेक लागला. गोष्टीतली आई काहीतरी शोधायला आत जाते, दार बंद होतं, ती ठोठावते, कुणीतरी उघडतं — एवढंच होतं लिहिलेलं. पण हा टेक संपेचना.

मटारचा आवाज थांबला म्हणून मी वळून पाहिलं. सासूबाईंचे हात तसेच राहिले होते.

"बंद कर ते," म्हणाल्या. "बंद कर आधी."

सोमवार, १० नोव्हेंबर

सापडलं!!

खोली इतकी चिंचोळी की कॅमेरामनला आत जागाच नव्हती. कॅमेरा फळीवर बसवून, चालू करून सगळे बाहेर. आत फक्त नटी. तिला सगळे मावशी म्हणतात — कारण आजवर प्रत्येक सिनेमात तिने कुणाची तरी मावशीच केली. मुख्य काम पहिल्यांदाच मिळालंय. टेक मुका आहे, आवाज नंतर भरायचं ठरलं होतं. त्यामुळे नुसतं दिसतं. ती तळहातांनी दार बडवते. मग खांद्याने. तोंड उघडं, मानेच्या शिरा तट्ट. मग खाली बसते आणि दाराच्या फटीला नाक लावून श्वास घेते.

दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहवलं नाही. लगेच सिनेमात घातला.

धडामराव खुर्चीतून उठले! "हेच! हेच पाहिजे होतं मला!" आणि पहिल्यांदाच धडाम मागितलं नाही.

"एवढा लांब टेक कसा काय झाला?" मी विचारलं.

"दार अडकलं होतं हो जरा. मावशींनी सोनं केलं त्याचं."

घरी येताना मी चक्क गुणगुणत होते.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मावशी आज आवाज भरायला आल्या. निळा स्वेटर, पर्समध्ये आल्याच्या वड्या, आल्या आल्या सगळ्यांना एक एक. सगळं हसतखेळत चाललं होतं. मग मी तो शॉट लावला. मला त्यांना चकित करायचं होतं. म्हटलं, "मावशी, आता बघा, काय काम केलंय तुम्ही!"

त्या बघत राहिल्या. वडी तोंडात तशीच.

"हे ठेवलंय होय तुम्ही," म्हणाल्या.

मला अजूनही कळलं नाही. मी म्हटलं, "कसलं काम केलंय!"

"अगं, हे काम नाही."

मग सांगितलं. दार लागलं आणि उघडेना. बाहेर लाइटवाले दादा उभे असतात हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनाच हाका मारत होत्या. 'दादा, उघडा. दादा, हे सिनेमातलं नाही, खरंच उघडा.' आत हवा नाही, वर कढत दिवा. बाहेर बोलणं ऐकू येत होतं. आणि दिग्दर्शकांचा आवाज — 'थांबा. छान चाललंय.'

"नंतर म्हणाले, सुताराला बोलवायला माणूस धाडला होता. दार फुगलं होतं म्हणे. पाणी दिलं मला. टाळ्यासुद्धा वाजवल्या."

"आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"टाळ्या वाजवत होते गं सगळे. काय बोलणार?"

आवाज काही भरला नाही. त्यांच्याने होईना, माझ्याने सांगवेना. आधी मीही टाळ्याच वाजवल्या होत्या — कसलं काम, म्हणून! शिसारी आली स्वतःची.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सकाळीच धडामरावांना गाठलं. म्हटलं, तो शॉट मी काढतेय.

"का?"

"ती बाई खरंच गुदमरत होती."

"म्हणूनच तर लोक घाबरतील. मॅडम, गेल्या आठवड्यात तुम्हीच मला शिकवत होतात ना — दचकणं वेगळं, घाबरणं वेगळं? आता मिळालंय तर नको?"

माझेच शब्द माझ्या तोंडावर.

"तुम्ही दार का नाही उघडलंत?"

"सांगितलं ना, अडकलं होतं. आणि मावशींची काही तक्रार नाही. तुमची का?"

तरी मी ठरवलं, काढायचाच. मावशींना फोन करून सांगितलं — वाटलं, त्यांना बरं वाटेल. तर त्या माझ्यावरच उखडल्या!

"काढू नकोस! हयात गेली माझी, हातात ट्रे घेऊन आत यायचं, 'बाळ, चहा घे' म्हणायचं आणि बाहेर जायचं. पहिल्यांदा पडदाभर चेहरा आलाय माझा. तो कापणारी तू कोण?"

"पण मावशी, तो ठेवला तर —"

"तेही नको वाटतं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी नेमकी कुणासाठी भांडतेय? इकडून तो, तिकडून ही, मध्ये मी कात्री घेऊन. एकेकदा वाटतं, सरळ उठावं आणि परत विनोदी सिनेमे कापायला जावं. तिथे निदान माणसं पडतात ती गादीवर.

शनिवार, १५ नोव्हेंबर

ह्यांना विचारलं, "तुम्हाला खरी भीती कशाची वाटते?" म्हणाले, "तू पेपर वाचताना मध्येच असलं काही विचारतेस त्याची."

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मावशी न कळवता हजर. तोच निळा स्वेटर, शिवाय पिशवीत सिनेमातला गाऊन.

"तुमच्या स्टुडिओत मागे भंगाराची खोली आहे ना? तिथे मी तो शॉट परत करते. मग तो जुना टाकून दे."

"मावशी, नको. कशाला पुन्हा —"

"नटी आहे मी. दार लावल्याशिवाय मला घाबरता येत नाही असं वाटतं का तुला?"

आमच्या आवाजवाल्याकडे स्वतःचा कॅमेरा आहे. तो त्याने फळीवर बसवला. दार नुसतं लोटायचं, कडी लावायची नाही, आणि बाहेर मी उभं राहायचं — असं ठरलं. आत जाण्याआधी मावशी म्हणाल्या, "एक सांगू? त्या दिवशी पहिल्यांदा मला भीती वाटलीच नव्हती. लाज वाटली होती. म्हटलं, आपल्यामुळे सगळ्यांचं काम अडलं. ते काही तुझ्या त्या टेकमध्ये दिसत नाही. माझी पाठ होती कॅमेऱ्याकडे."

दार लोटलं. मी बाहेर, दाराला हात लावून.

आधी दोन बोटांनी टकटक. अगदी हळू, शेजाऱ्यांचं दार वाजवावं तशी.

"अहो, दार लागलं वाटतं." आवाजात हसू.

मग काहीच नाही. पुन्हा टकटक. "आहे का कुणी? मी आत आहे हं." अजून हसूच. नंतर बराच वेळ शांतता. मग तेच, त्याच सुरात, पण जरा खालच्या आवाजात — "मी आत आहे हं."

किंकाळी नाही. बडवणं नाही. कडी लागलेली नाही हे मला ठाऊक, दार माझ्याच हाताखाली. आणि तरी मी ते ढकलून उघडलं!

"अगं!" मावशी ओरडल्या. "मी अजून बस म्हटलं नव्हतं!"

दोघी तिथेच भंगारात बसून हसलो. मग मी थोडी रडले. आवाजवाला छताकडे बघत उभा होता.

नंतर चित्र पाहिलं. आतून त्यांनी केस सारखे केले होते, कुणी दार उघडलं तर बरं दिसावं म्हणून. शेवटपर्यंत चेहऱ्यावर ते हसू तसंच. फक्त डोळे त्याच्या सोबतीला उरले नव्हते.

बुधवार, १९ नोव्हेंबर

धडामरावांना नवा शॉट दाखवला. कुठला, कधीचा, काही सांगितलं नाही. मावशी मागच्या खुर्चीत.

शॉट संपला. ते वळून मला म्हणाले, "बघा मॅडम! ही खरी भीती. अशी नुसत्या अभिनयाने येत नसते. म्हणूनच त्या दिवशी मी थांबा म्हटलं होतं."

"हा काल केला," मावशी म्हणाल्या. "यांच्या भंगाराच्या खोलीत. दार उघडं होतं."

मला वाटलं, आता माणूस ओशाळेल. कसलं काय!

"तेच म्हणतोय ना मी. त्या दिवसाचा अनुभव होता गाठीशी, म्हणून जमलं."

"तीस वर्षांचं काम होतं गाठीशी, म्हणून जमलं," मावशी म्हणाल्या. "आता तो जुना पुसायचा. माझ्यासमोर."

मी पुसला. माफीचा एक शब्द निघाला नाही धडामरावांच्या तोंडून. उठताना वर म्हणाले, "दार अडकलं होतं हो मावशी. आम्ही तरी काय करणार?"

दात इतके आवळले होते की जेवताना जबडा दुखत होता.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

आज पूर्ण सिनेमा दाखवला. कामावरच्या सगळ्यांना घरच्यांसकट बोलावलं होतं. जिन्यावरचे धडाम आहेतच, तेवढे मला काढू दिले नाहीत. तिथे लोक दचकले, मग एकमेकांकडे बघून हसले.

मग मावशींची टकटक आली.

कागदाचा आवाज नाही, खोकला नाही. सासूबाईंनी अंधारात माझं मनगट धरलं. दुसऱ्यांदा 'मी आत आहे हं' झालं तेव्हा पुढून कुणीतरी म्हातारे गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "अहो, उघडा ना कुणीतरी!"

कुणी हसलं नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

मावशींचा फोन. सकाळी लाइटवाले दादा त्यांच्या घरी आले होते. काल सिनेमा अर्धा टाकून उठून गेले होते म्हणे. आत या म्हटलं तर येईनात. बाहेरूनच म्हणाले, "दार अडकलं नव्हतं, ताई. कडी मी धरून उभा होतो. साहेबांनी सांगितलं होतं."

मावशींनी विचारलं, "माझा आवाज येत होता?"

"सगळा येत होता."

"मग भीती नाही वाटली तुम्हाला?"

"वाटली ना," म्हणाले. "साहेबांची. म्हणून तर उघडलं नाही."