यंदा दगड नाही

रॉयटलिंगन,
रविवार, ता. ११ मार्च २०१८

ती. आई यांना,
सा. न. वि. वि.

पत्र आणि मुरंब्याच्या दोन बरण्या पोचल्या. फोनवर मी बोलत नाही आणि तुम्हाला ऐकू येत नाही, तेव्हा जावई-सासूंनी पत्रंच लिहावीत, हे तुमचं म्हणणं खरं आहे.

यूडिटला जाऊन सहा महिने झाले. माती बसली की दगड उभा करायचा, आणि एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, सगळा गाव आपापल्या माणसांच्या थडग्यांपाशी जमतो तोवर तो उभा असायला हवा, असं तुम्ही लिहिलंत. पाथरवटाने साडेचार हजार युरो सांगितल्याचंही कळलं. आई, यंदा दगड नाही. तिच्या आजारपणात मी वर्षभर अर्ध्या पगारावर होतो. शिल्लक काही राहिलेली नाही.

जे नव्याने साठेल त्याचं काय करायचं ते ठरवलं आहे. ऑक्टोबरअखेरच्या सुट्टीत मी मुलांना ऱ्हाइनकाठच्या थीम पार्कला नेणार आहे. दोन दिवस, एक मुक्काम. तिघांचे मिळून सातशे युरो होतात. तुम्ही म्हणाल की ह्याला आत्ताच पाळणे सुचले का. दोन वर्षं मी मुलांना एकच वाक्य सांगत आलो, की हळू बोला, आई झोपली आहे. विन्सेंट्स सात वर्षांचा आहे आणि घरात अजून चवड्यांवर चालतो. आता झोपलेलं कुणी नाही, तरी चालतो. त्याला मला अशा ठिकाणी न्यायचं आहे, जिथे माणसं पैसे देऊन ओरडतात.

गेल्या सोमवारपासून सुरुवात केली. कचेरीत सायकलने जातो. पाव आदल्या दिवशीचा, अर्ध्या किमतीत. मुलांचे केस मी कापले. विन्सेंट्सचे बरे जमले. लिओबाने आरशात पाहिलं आणि म्हणाली की बाबा, तुम्ही पाण्याच्या नळांचे नकाशे काढता तेच चांगलं आहे. अकराव्या वर्षी इतकं बोलते. तुमच्यावर गेली आहे. स्पेट्झलेही घरी करून पाहिले, पण त्या शेवया न होता गोळे झाले.

रागावाल हे धरून चाललो आहे. राग ठेवा, पण त्याच्या शेजारी माझ्यासाठीही जागा असू द्या.

आपला,
फोल्कर

---

ओबरवाइलर,
ता. १९ मार्च

चि. फोल्करराव यांस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मजकूर तोच होता.

जावईबापू, तुम्ही शहरात राहता. तिथे कुणाच्या थडग्यावर काय आहे ते कुणी पाहत नाही. इथे दुसरं पाहतात काय? एक नोव्हेंबरला पाद्रीबाबा तीर्थ शिंपडत रांगेने पुढे जातात आणि मागून सगळ्या बायका. प्रत्येकीचे डोळे शेजारच्या फुलांवर. माझ्या लेकीसमोर लाकडाचे दोन दांडके, आणि शेजारची क्रेसेंत्स मला हळूच विचारणार की काय गं वालबुर्गा, जावयाची नोकरी गेली का? तिने नवऱ्याला काळा ग्रॅनाइट लावला आहे, सोनेरी अक्षरांचा. जिवंतपणी त्याला नवी टोपी घेऊ दिली नाही ती गोष्ट वेगळी.

वर मुलांना घेऊन पाळण्यात बसणार! वर्ष तरी उलटू द्यायचं होतं. उलटेल म्हणा ऑक्टोबरपर्यंत. तरीही.

आता बचतीचं. मी रागावले आहे, पण चुकीच्या पद्धतीने केलेली काटकसर मला बघवत नाही. ओव्हन एका पदार्थासाठी तापवत असाल तर लाज वाटू द्या. आधी पाव, मग भाजी, आणि बंद केल्यावर राहिलेल्या उबेत सफरचंदाच्या चकत्या सुकवायच्या. पार्कात त्या खायला होतील. तिथे बटाट्याच्या तळलेल्या फोडींना सोन्याचा भाव असतो असं ऐकते. मसूर शनिवारी भिजवा, तीन दिवस पुरते. आणि स्पेट्झलेचं पीठ तुम्ही ढवळत असणार. ते ढवळायचं नसतं, हाणायचं असतं. बुडबुडे येईपर्यंत. मनात कुणाचा राग असेल तर उत्तम होतं. सध्या माझे फार छान होताहेत.

दगड मी घेईन. माझी लेक आहे. माझ्याजवळ आहेत तेवढे.

मुलांना गोड पापे. तुम्हाला आशीर्वाद देते. सवय आहे म्हणून.

वालबुर्गा

---

रॉयटलिंगन,
रविवार, ता. ८ जुलै

ती. आई यांना,
सा. न. वि. वि.

पीठ हाणलं. स्पेट्झले झाले. मुलांनी बोटंही चाटली.

पाचशे बारा युरो जमले आहेत. त्यातले साठ कुठून आले ते तुमच्यापासून लपवणार नाही. यूडिटच्या बर्फावर घसरायच्या स्की आणि बूट जुन्या बाजारात विकले. विक्रीच्या टेबलापाशी लिओबा उभी होती. एक माणूस चाळिसावर अडून बसला. तिने त्याला सांगितलं की काका, ह्या फक्त उतारावर चालतात, वर चढायचं तुम्हालाच आहे. तो हसला आणि साठ देऊन गेला. ती नंतर न्हाणीघरात बराच वेळ होती. मी बाहेर उभा राहिलो.

दुसरी एक गोष्ट तुमच्या कानावर कुणाकडून तरी येईल, म्हणून मीच सांगतो. शनिवारचे सामने संपले की मैदानाच्या कुंपणापाशी रिकाम्या बाटल्या पडलेल्या असतात. दुकानात परत दिल्या की एकीचे पंचवीस सेंट येतात. लिओबा त्या गोळा करत होती, मला न सांगता. तिच्या वर्गशिक्षिकेने पाहिलं आणि मला बोलावून घेतलं. फार गोड बोलल्या. घरी काही अडचण आहे का, संकोच करू नका, शाळेचा मदतनिधी असतो. मी म्हटलं की अडचण नाही, बाटल्या आहेत. त्या म्हणाल्या की मुलीला वाईट वाटत असेल हो. मी म्हटलं की तिला पावसात वाईट वाटतं, तेव्हा सामने होत नाहीत.

आई, मी असं कधी बोलत नाही.

पुढच्या शनिवारी मी स्वतः तिच्याबरोबर गेलो. कचेरीचा सदरा घालून. आमचे साहेब कुत्रा घेऊन समोरून आले आणि मला पाहून आकाशातले ढग तपासू लागले. मी त्यांना नावाने नमस्कार केला आणि विचारलं की हातातली बाटली संपली का. त्यांनी उभ्या उभ्या संपवली आणि दिली. आता दर शनिवारी आम्ही तिघं जातो. विन्सेंट्स बाटल्या मोजतो, मोठ्याने. मैदानावर तो मोठ्याने बोलतो हे मला तिथे कळलं.

लोभ आहे तेवढा राहू द्या. जास्तीचा मागत नाही.

आपला,
फोल्कर

---

ओबरवाइलर,
ता. २ सप्टेंबर

चि. फोल्करराव यांस,
अ. उ. आशीर्वाद.

स्कीचं वाचून मी बरेच दिवस लिहिलं नाही. मग आठवलं की त्या मीच तिला जुन्या बाजारातून घेऊन दिल्या होत्या, चाळीसला. म्हणजे वीस युरो तुम्ही वर काढलेत. यूडिटला हे आवडलं असतं.

शिक्षिकेला दिलेलं उत्तर मी दोनदा वाचलं. तुम्हीच दिलंत ना? बरं.

आता कामाचं. दगडाची बयाणा रक्कम मी दिली आहे. आपल्याच डोंगरातला करडा दगड, चकाकी नाही, तुम्हाला चालेल असा. पण गावच्या कचेरीत सांगितलं की जागा जावयाच्या नावावर आहे, अर्जावर सही त्याचीच हवी. अर्ज आणि पाथरवटाने काढलेलं चित्र सोबत पाठवते. जागा दोघांची घेतलेली आहे, म्हणून तुमचंही नाव त्यात धरलं आहे. अक्षरं एकदम कोरली तर तो तिसरा हिस्सा कमी घेतो, आणि पुढे हत्यारं घेऊन पुन्हा यायचा त्याचा खर्च वाचतो. तुम्ही एवढे काटकसरी झालात, तुम्हाला हे पटेलच.

सही करून लगेच पाठवा. दोन महिनेच आहेत.

मुलांवर जीव आहेच. तुमच्यावरही, सहीसकट.

वालबुर्गा

---

रॉयटलिंगन,
रविवार, ता. ९ सप्टेंबर

ती. आई यांना,
सा. न. वि. वि.

अर्ज परत पाठवत आहे. सही केलेली नाही.

यूडिट गेली त्या आठवड्यात जो कागद पुढे आला त्यावर मी सही करत गेलो. दोघांची जागा घेतल्याचंही मला नंतर पावतीवरून कळलं. तेव्हा केल्या तेवढ्या सह्या पुरेत.

पाकीट लिओबाने उघडलं. चित्रात वर यूडिटचं नाव, तिची दोन्ही सालं. खाली माझं नाव, १९७६, एक आडवी रेघ आणि पुढे कोरी जागा. तिने विचारलं की इथे काय येणार. मी म्हटलं की ते अजून ठरलेलं नाही. ती म्हणाली की मग आत्तापासून कोरतात कशाला. विन्सेंट्स उठून चवड्यांवर त्याच्या खोलीत गेला. महिनाभर तो पूर्ण पावलांनी चालत होता.

तुम्ही हे चांगल्या मनाने केलंत, ते मला ठाऊक आहे. अक्षरं स्वस्त पडतात, तेही मान्य. सहा महिने मी दहा सेंटसाठी दुकान बदलतो आहे. पण ही बचत मी करणार नाही. माझं नाव कोरायची वेळ येईल तेव्हा मुलांनी पुरा भाव मोजावा.

यूडिटचा दगड होईल. तिचा एकटीचा, आणि मुलं सांगतील तेव्हा. गावाला घाई असेल तर गावाने थांबावं. ऑक्टोबरची तिकिटं काल काढली. तीस आणि एकतीसला आम्ही पार्कात असू. एक तारखेला सकाळी तिथून थेट ओबरवाइलरला येऊ आणि लाकडी क्रॉससमोर उभे राहू. क्रेसेंत्सबाईंना सांगा की जवळून पाहायचं असेल तर जवळून पाहा.

इतकं कठोर मी तुम्हाला कधी लिहिलं नव्हतं. कागद दोनदा फाडला, पण मऊ लिहिता आलं नाही. लोभ राहील की नाही, ते एक तारखेला दारात कळेल.

आपला,
फोल्कर

---

ओबरवाइलर,
रविवार, ता. ४ नोव्हेंबर

चि. फोल्करराव यांस,
अ. उ. आशीर्वाद.

नीट पोचलात हे लिओबाच्या चिठ्ठीवरून कळलं. घशाला मीठपाण्याच्या गुळण्या करा. दारात उभे राहून तोंड हलवत होतात आणि आवाज फुटत नव्हता, तेव्हा मला वाटलं की बहिरेपण पुरं झालं माझं. लिओबाने सांगितलं म्हणून कळलं की आजी, बाबा रोलर कोस्टरमध्ये अकरा वेळा बसले आणि अकराही वेळा सगळ्यांत जास्त तेच ओरडले. मला खरं वाटलं नाही. विन्सेंट्सने शपथ घेतली, तीही ओरडून.

त्याचं तोंड पार्कात हिरवं रंगवलेलं होतं ते मी धुवायला हवं होतं. वेळ होता. नाही धुतलं. पाद्रीबाबांनी तीर्थ शिंपडलं तेव्हा त्याच्या गालावरून हिरवा ओघळ क्रॉसच्या पायथ्याशी गेला, आणि पाद्रीबाबा त्याच्याकडे बघून हसले, हे सगळ्या रांगेने पाहिलं.

तुम्ही गेल्यावर क्रेसेंत्सने गाठलंच. म्हणाली की पोराच्या तोंडाला रंग, बापाला वाचा नाही, आणि थडग्यावर लाकूड, असा सर्व संतांचा दिवस तिने उभ्या जन्मात पाहिला नाही. मी म्हटलं की हो ना, आणि तिघांनी माझ्याकडे सगळं पातेलं संपवलं. गेल्या वर्षी ह्याच दिवशी पोरं एकेक घास मोजून खात होती, ते पाहिलं होतंस का? तेव्हा तू माझ्या फुलांची किंमत विचारत होतीस. ती पाठ फिरवून चालती झाली. बायका मात्र अजून बोलतात. बोलू देत, मला ऐकू येत नाही.

संध्याकाळी झारी घेऊन पुन्हा गेले, तुमच्या सासऱ्यांच्या थडग्याला पाणी घालायला. तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांचा दगड केला तेव्हाही पाथरवट हेच म्हणाला होता, की दोन्ही नावं एकदम, स्वस्तात. त्यांच्या नावाखाली वालबुर्गा, १९४४ आणि रेघ. एकोणीस वर्षं मी दर शनिवारी माझ्याच नावासमोर वाकून फुलांना पाणी घालते आहे. त्या संध्याकाळी झारी खाली ठेवली आणि पहिल्यांदा ते नाव नीट वाचलं.

शुक्रवारी पाथरवटाकडे गेले. आधी बयाणा परत घेतला. कुरकुरला, पण दिला. मग विचारलं की माझं नाव घासून काढायचे किती. म्हणाला की दोनशे ऐंशी, आणि आजी, पुढे पुन्हा कोरावंच लागणार, कशाला घाई करता? मी म्हटलं की घाई मी नाही, तू केलीस, एकोणीस वर्षांपूर्वी.

दोनशे ऐंशी त्याला कोण देतो! बाजारातून चार युरो नव्वदला एक दाट झुडूप आणलं आणि बरोबर माझ्या नावासमोर लावलं. सध्या फक्त साल झाकलं गेलं आहे. उन्हाळ्यापर्यंत मीही जाईन त्यामागे.

मुलांना पापे. लोभ ठेवा, त्याला खर्च नाही.

वालबुर्गा