मनःशांती झालाच पाहिजे!

घोडपदेव, मुंबई
ता. १८ मार्च १९५६

तीर्थरूप धोंडूमामांस रामदासचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून तूर्त कागदावरच घालतो.) तुमचे गुडघे, मामीचा खोकला आणि म्हशीचं दूध या तिन्हींची चौकशी एकदमच करतो, राग मानू नये.

तुमचं कार्ड पोचलं. तुमची भाचेसून राधा संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडली गेली त्याला आज बारा दिवस झाले, तिला दमा आहे, माफी लिहून दिली तर सोडतो म्हणतात आणि ती काही लिहून देत नाही, हे सगळं मी तुम्हाला चार पानं भरून कळवलं होतं. त्यावर तुमचं उत्तर तीन ओळींचं: 'प्रार्थना करीत जा. मन शांत होईल. यंदा आंबा बरा आहे.' मामा, लहानपणी मला विंचू चावला तेव्हाही तुम्ही 'विंचवाचा विचार करू नकोस' असंच सांगितलं होतंत.

तरी वडीलधाऱ्यांचा शब्द म्हणून गेलो. ठाकूरद्वारच्या एका वाडीत नाना नावाचे गृहस्थ आपल्या घरी सायंप्रार्थना चालवतात. पेन्शन चालू, पोरं मार्गाला लागलेली, दोन वेळा वरणभातावर साजूक तूप. अशा माणसाचं मन शांत नसेल तर कुणाचं असायचं? मी राधेचं सांगितलं, तर डोळे मिटून म्हणाले, तुरुंग मनात असतो. (राधेच्या तुरुंगाला चांगली दगडी भिंत आहे. औषधाची बाटली घेऊन गेलो होतो, दारावरूनच परत पाठवलं.)

तिथली रीत अशी, की नानांनी अर्धं वाक्य म्हणायचं आणि बाकीच्यांनी ते पुरं करायचं. 'वाणी गोड' म्हटलं की सगळ्यांनी 'होवो'. 'चित्त निर्मळ', 'होवो'. मी मांडी घालून, डोळे मिटून अगदी मनापासून होवो-होवो करीत होतो. तेवढ्यात नाना जरा सूर चढवून म्हणाले, 'मन शांत' आणि माझ्या तोंडून खणखणीत निघालं, 'झालाच पाहिजे!' मन नपुंसकलिंगी आहे हे मला कळतं हो. पण तीन महिने मोर्च्यांत घसा फोडलेल्या माणसाला व्याकरण कुठून सुचणार? नाना गडबडले आणि घाईघाईनं पुढचं म्हणाले, 'क्रोध नष्ट'. आता मात्र तीसच्या तीस माणसं एका आवाजात, 'झालाच पाहिजे!' (यात तर व्याकरणही बसलं.) सत्तरीच्या कमळाबाईंनी जपमाळेसकट मूठ वर केली. खालच्या मजल्यावरूनही साथ आली.

जमावबंदीचे दिवस. हवालदार जिना चढून आला आणि सभा कुणाची म्हणून विचारू लागला. निर्मळ चित्ताचे नाना समईमागून म्हणाले, "मी इथला नव्हे, पाणी प्यायला आलो होतो."

"आवो, दारावरच्या पाटीवर तुमचाच फोटू हाय की नावासकट," हवालदार म्हणाला. मग टोपी काढून देवाला हात जोडले, आणि आम्हाला म्हणाला, "चालू द्या. पण ते झालाच पाहिजे जरा हळू म्हना."

तर अशी ही तुमची मनःशांती. पाटावर बसून डोळे मिटणं ज्यांना परवडतं त्यांनी ती खुशाल मिळवावी. मी घरी आलो, चूल पेटवली आणि सवयीनं दोघांचा भात टाकला. उरलेला भात बघून मला रडू आलं. तेव्हा पुन्हा मला प्रार्थनेचं नाव काढून पत्र पाठवू नये.

मामीला नमस्कार. आंबा बरा आहे हे वाचून आनंद झाला (झाला नाही).

आपला अशांत भाचा,
रामदास

ता. क. : येत्या सोमवारी तेवढं रवळनाथाकडे जाऊन नारळ ठेवाल का? गाऱ्हाणं नीट घाला, नेहमीसारखं अर्धं गिळू नका. 'बा देवा म्हाराजा, राधा मुंबयक तुरुंगात आसा, तिका दमो आसा, तिचो श्वास सांभाळ,' असं सांगा, आणि मामीला 'व्हय म्हाराजा' मोठ्यानं म्हणायला लावा. माझ्या मनाबद्दल काही मागू नका.

दुसरा ता. क. : तिला माफी लिहून द्यायची बुद्धी दे, असं चुकूनही देवाला सांगू नका. सकाळी मी तेच मागायला देवापुढे बसलो होतो. हात जोडले, पण ते शब्द तोंडातून निघाले नाहीत.