बेंबीशेजारचं लॅटिन

४ मार्च, सकाळ
बेंबीशेजारी आलेला फुगवटा डॉक्टरांनी दोन बोटांनी दाबून पाहिला. हर्निया आहे, आतडं बाहेर डोकावतंय, आठवड्याच्या आत ऑपरेशन करून टाका, म्हणाले. रिपोर्टवर मात्र लिहिलं, प्रोट्युबरन्स. काय भारदस्त शब्द! तीस वर्षं शब्दकोशांची प्रुफं तपासली, पण हा असा अंगावर कधी आला नव्हता.
ठरलं. आधी शब्द समजून घ्यायचा, मग ऑपरेशन.

५ मार्च
जाडा कोश काढला. मूळ लॅटिन. ‘प्रो’ म्हणजे पुढे, ‘ट्युबर’ म्हणजे गाठ, टेंगूळ. इंग्रजीत बटाट्यासारख्या कंदाला ट्युबर म्हणतात, तोही याच घरातला. ही म्हणाली, तारीख घेतलीत का? मी तिला बटाट्याचं सांगितलं. ती कुकर लावायला निघून गेली.

६ मार्च
बटाटा बंद. मूळच सापडल्यावर उपाय सोपा असतो. ही म्हणाली, अहो, आतडं कोश वाचत नाही. दुर्लक्ष केलं.

८ मार्च, दुपार
फुगवटा कमी वाटतो. आडवं पडल्यावर. सबब दिवसभर आडवा. ऑफिसला रजेचं कारण कळवलं : संशोधन. साहेब म्हणाले, आधी ते पोट बघा. यांना कोण सांगतं सगळं?

९ मार्च
मुलीचा फोन. बाबा, घाबरलायत का? छे! शब्द इंग्रजीत नेमका कधी आला तेवढं बघायचं राहिलंय. ते झालं की लगेच तारीख. शुक्रवारी. फार तर सोमवारी.
ही हॉस्पिटलची पिशवी भरत होती. कुणासाठी, ते विचारलं नाही.

११ मार्च, ११.२०
कोशाचा दुसरा खंड वरच्या फळीवरून काढताना कळ आली. फुगवटा दगडासारखा. आडवं पडूनही आत जाईना. घाम. एवढी नोंद करून हिला हाक मार

१३ मार्च, हॉस्पिटल
ऑपरेशन झालं. आतडं अडकलं होतं. आणखी उशीर झाला असता तर कापावं लागलं असतं, असं सर्जन म्हणाले. मी त्यांना ‘प्रो’ आणि ‘ट्युबर’ समजावून सांगितलं. ते नर्सला म्हणाले, गुंगी उतरलेली दिसत नाही.
स्ट्रेचरवरून नेतानाही मी हेच समजावत होतो, असं मला आठवतं. ही म्हणते, काही नाही, सारखं ‘आई गं, आई गं’ चाललं होतं. आणि तुम्ही माझा हात सोडेचनात. थिएटरच्या दाराशी नर्सने एकेक बोट उलगडून सोडवला.
हिचा उजवा हात सुजलाय. चहा डाव्या हाताने दिला.