पाकातलं मीठ

६ जानेवारी १९५५, गुरुवार

सुधीरचं ठाण्याहून कार्ड! चिरंजीवांना आईची आठवण झाली एकदाची. मधूचं बोरन्हाण संक्रांतीनंतरच्या रविवारी डोंबिवलीला आपल्या घरी करू या, म्हणतो. पोराला बारशाला पाहिलं तेवढंच. दहा महिन्यांचा झाला असेल आता. बसायला लागला असेल.

पण कार्डाच्या खाली दोन ओळी सूनबाईंच्या, मालनच्या. मास्तरीण ना, अक्षर काय वळणदार! ‘कुरमुऱ्यांचे लाडू मी करून आणते. आमच्याकडे गुळाच्या पाकात चिमूटभर मीठ घालतात. फार छान लागतात.’

गुळाच्या पाकात मीठ! बापाचा जन्म गेला ठाण्याच्या मिठागरात, तेव्हा लेकीला जिथे तिथे मीठच सुचणार. रजिस्टर लग्न करून आणलीन् ती ही. उद्या खिरीत सुकट घालील.

हे म्हणाले, “लाडू कुणी का करेना, पोर येतंय ना?” ह्यांचं मत कुणी विचारलं होतं?

७ जानेवारी

उत्तर टाकलं. स्पष्ट लिहिलं – माझ्या नातवाच्या बोरन्हाणाला माझ्याच हातचे लाडू वाटले जातील. तिचे खारट लाडू आणायचेच असतील, तर येण्याची तसदी घेऊ नये.

ह्यांना वाचून दाखवलं. नुसते चष्मा पुसत बसले. चाळीस वर्षं रेल्वेच्या हापिसात मान डोलावली, आता घरात डोलावतात. आज तर तीही डोलावली नाही.

९ जानेवारी, रविवार

लाडू बसले. म्हणजे वळले, ठेवले आणि ताटात पसरून बसले. पाक कच्चा राहिला. गूळच भिकार! कुरमुरे चिंब होऊन लगदा झाला.

खरं सांगायचं तर – इथे लिहायला काय हरकत आहे – हे लाडू मी जन्मात केलेले नाहीत. सुधीरच्या बोरन्हाणाला सासूबाईंनी मला पाकाजवळ फिरकू दिलं नव्हतं. “तुम्हा घाटावरच्यांना पाकातलं काय कळतंय!” असं चार बायकांत म्हणाल्या होत्या. मी आतल्या खोलीत जाऊन मुसमुसले होते. असो. त्यांचे लाडूही काही मोठे लागून गेले नव्हते.

११ जानेवारी

आज पाक पुढे गेला. हातांना चटके बसले ते बसलेच, वर लाडू असे की भिंतीला मारले असते तर गिलावा पडला असता. नेमकी शेजारची गोदा टपकली. “अगं बाई! अडकित्ता आणू का गं?” आणि दात काढून हसली. हिच्या करंज्या दर दिवाळीला तळणीत फुटतात, तेव्हा मी हसते का? (हसते. पण घरी येऊन.)

१२ जानेवारी

हे दिवसभर गॅलरीत. पोस्टमनची वाट बघणं हा एक उद्योगच झालाय ह्यांचा. पेन्शनीतल्या माणसाला कोण पत्रं पाठवणार आहे? “काही आलं का?” विचारलं तर म्हणाले, “छे.”

सुधीरचं उत्तर नाही. म्हणजे मुकाट्याने कबूल! आपण ठाम राहिलं की लोक वठणीवर येतात.

१३ जानेवारी, गुरुवार

स्टेशनाजवळच्या गुणाजीकडे कुरमुरे आणायला गेले. त्याला बजावलं, गोडाच्या लाडवांना हवेत, अगदी बिनमिठाचे दे. माणूस तोंडाकडे बघत राहिला. “बाई, मिठाच्या पान्याशिवाय कुरमुरा फुलतोय कुठं? समद्या कुरमुऱ्यात मीठच असतंय!”

घरी येऊन चार दाणे तोंडात टाकले. खरंच की! म्हणजे सासूबाईंच्या त्या सोवळ्यातल्या लाडवांतसुद्धा मीठ होतंच. जन्मभर खाल्लं आम्ही सगळ्यांनी, आणि कुणाला पत्ता नाही. मलाही नाही! स्वतःचाच राग आला. गुणाजीचा जास्त आला.

१४ जानेवारी, संक्रांत

हे खाली पानाच्या दुकानावर गेले होते तेवढ्यात केलं. गोळीबंद पाक, वर चमचाभर तूप. आणि मीठ. चिमूटभरच.

एक लाडू ओट्याशी उभ्यानेच खाल्ला. कुर्रकन मोडला. गुळाचं ते घशाशी बसणारं गोड कुठल्या कुठे गेलं. मग आणखी एक खाल्ला. कधी नव्हे ते स्वतःच्या हातचं काही आवडलं.

कुणाला सांगणार नाही. गोदाला तर नाहीच. मालनला मात्र एक हातावर ठेवणार आहे आणि काही बोलणार नाही. बघू ओळखते का. मास्तरीण आहे, ओळखील. ओळखलंन् तर ओळखू दे.

मधूचं काळं झबलं शिवून झालं. हलव्याचा हार जरा मोठा झालाय, पण चालेल.

१६ जानेवारी, रविवार

बोरं, ऊस, कुरमुरे सगळं परातीत तयार. पाट मांडला. चाळीतली पोरं तीनपासून दारात. हे दुपारीच ‘स्टेशनवर घ्यायला जातो’ म्हणून कोट चढवून गेले.

दिवेलागणीला एकटेच परत आले. “आले नाहीत.” एवढंच. वर, “भूक नाही.”

१७ जानेवारी

पोरांना परातीतलं सगळं वाटून टाकलं. लाडवांचा डबा दिला नाही. गोदा म्हणाली, “अगं, पोराला सर्दीबिर्दी झाली असेल.” सर्दी! हे सगळं त्या बाईचं काम. लाडू आणू नका म्हटलं, तर पोरच आणलं नाही. आणि सुधीर! बायकोने बस म्हटलं की बसायचं. ह्यांचाच मुलगा.

ह्यांनी तरी गाडी पकडून ठाण्याला जाऊन जाब विचारावा की नाही? कुठला! आयुष्यात एक गोष्ट स्वतःच्या मनाने केली असेल तर शपथ.

१९ जानेवारी

डबा उघडून पाहिला. लाडू अजून कुरकुरीत आहेत. परत लावला.

२३ जानेवारी, रविवार

ह्यांचा कोट उन्हात घालायला काढला. एका खिशात कुरमुरे, दोन बोरं, आणि सुधीरचं कार्ड – ११ तारखेचं. ‘बाबा, आईचं कार्ड वाचून मालन दिवसभर बोलली नाही. बोरन्हाण इथेच, ठाण्याला करतो. दोघंही या.’ खाली ते वळणदार अक्षर – ‘आईंना नक्की घेऊन या. त्यांच्यासाठी बिनमिठाचे वेगळे करते आहे.’

म्हणजे हे गेले होते. एकटे. मला न्यायचं नाही, असं ह्यांनी ठरवलं.

दुसऱ्या खिशात कागदात बांधलेला एक लाडू. खाऊन पाहिला.

अळणी लागला.