डार्सीच्या नावाची पार्सलं

प्रिय टेगन,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. पोर्ट लिंकनला थंडी पडली आहे. बाबांचा गुडघा तसाच आहे, तरी रोज सकाळी लंगडत पोस्टात जातात.

पहिलं पार्सल फेब्रुवारीत आलं. पोस्टाची बाई खोकं दारात ठेवून गेली, आणि वरचं नाव वाचून मी पायरीवरच बसले. डार्सी पेंगेली. आत नवाकोरा मोबाइल. तुझा भाऊ ट्यूना मासे पकडणाऱ्या बोटीवरून समुद्रात पडला त्याला तीन वर्षं झाली होती, आणि देह काही हाती लागला नव्हता. बाबा म्हणाले, "ग्वेन, बुडालेला माणूस फोन मागवतो का गं?" चार दिवसांनी बँकेचं कार्ड आलं, मग लॅपटॉप. सगळं त्याच्याच नावाने, आपल्याच पत्त्यावर.

बाबांनी त्याची खोली रंगवून काढली. कोळ्यांच्या क्लबात जाऊन सांगितलं, "पोरगं जिवंत आहे. डोकं आपटून आठवण गेली असेल, दुसरं काय!" सगळे आपापल्या बिअरच्या ग्लासात बघत राहिले. मी आधी तुलाच फोन केला. तू म्हणालीस, "आई, पोलिसांत जाऊ नकोस हं. घाबरून आणखी लांब जाईल तो." कोर्टाकडून मृत्यूचा दाखला घ्यायचा विषय निघाला तेव्हाही तूच मला अडवलं होतंस. मला वाटलं, या घरात माझ्यासारखी आशा धरून बसलेली आणखी एक तरी आहे.

मग पार्सलं थांबली. पोस्टातली लॉरेन बाबांना म्हणाली, "अहो, डार्सीने टपाल वळवायचा अर्ज केलाय की! आता ॲडलेडला जातं सगळं, पोस्टातल्या भाड्याच्या पेटीत." नियमात बसत नसतानाही तिने पेटीचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. बाबा तिथेच, रांगेतल्या लोकांसमोर रडले.

त्यांना एवढा बसप्रवास झेपला नसता, म्हणून मी गेले. दोन दिवस त्या पेट्यांसमोरच्या बाकावर त्याचा स्वेटर मांडीवर घेऊन बसले. त्याने ओळखलं नाही तर काय बोलायचं, याची मनात उजळणी करत होते. तिसऱ्या दिवशी पेटी उघडायला तू आलीस. केस कापले आहेस. पाकीट फाडता फाडता फोनवर कुणाशी तरी हसत होतीस. मी दहा पावलांवर होते. हाक मारली नाही. स्वेटरमध्ये तोंड लपवलं.

मग एकेक आठवलं. नाताळात तू त्याचा फोटो-कागदपत्रांचा डबा मागून घेतला होतास. "शाळेतले फोटो बघते गं," म्हणालीस. त्याचं लायसन्स आणि जन्मदाखला त्याच डब्यात होता; लायसन्सवर पत्ता आपल्याच घराचा. तुला मोकळेपणी रडता यावं म्हणून मी दाराबाहेर चहा ठेवून गेले होते.

घरी येऊन बाबांना सांगितलं, "पेटी रिकामी होती. आणखी पुढे कुठे गेला असेल." म्हणून ते अजून रोज पोस्टात जातात. डार्सीला त्यांनी एकदा गमावलं तेव्हा मी त्यांच्यासोबत होते. दुसऱ्यांदा मी एकटीनेच गमावलं, आणि त्यांना त्या आशेत एकटं सोडलं आहे.

काल पोलिसांत जाऊन मी जबाब दिला. तुझं नाव, तुझा पत्ता, खाली माझी सही. ते येतीलच तुझ्याकडे. पण त्यासाठी हे पत्र नाही. मृत्यूच्या दाखल्यासाठी अर्ज करते आहे, आणि त्याआधी बाबांना कळायला हवं. ते मी सांगणार नाही. येत्या रविवारी तू घरी ये. तू आत पाऊल टाकताच ते विचारतील, "टेगन, डार्सीचं काही कळलं का गं?" तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघून सांग. सगळं सांग. मध्येच उठून जायचं नाही. दाराला मी आतून कुलूप लावणार आहे.

तुझी आणि डार्सीची,
आई