अण्णांची बादली आणि तुमचे फेज

तीर्थस्वरूप वहिनींना, धाकट्या दिराने साबणाने हात धुऊन, कोरडे करून, मग जोडून केलेला नमस्कार.

तुमची तब्येत कशी आहे? दादाची पाठ? (त्याला म्हणावं, खुर्ची बदलून उपयोग नाही, तीवरून अधूनमधून उठायचं असतं.) आम्ही इथे सगळे ठणठणीत आहोत आणि आपला चीजचा कारखाना कालपासून पुन्हा सुरू झाला आहे. तो केवळ तुमच्यामुळे सुरू झाला, हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे माझं पत्र कुठे भरकटेल याचा नेम नाही.

फोनवर तुम्हाला निम्मंच सांगितलं होतं, शेजारी अण्णा होते. तपासणीच्या बाईंनी चीज कापायच्या टेबलावर कापसाचा बोळा फिरवून नेला आणि त्यात लिस्टेरिया निघाला. बाई स्वभावाने अगदी गोड. अशा माणसांची मला जास्त भीती वाटते. पुन्हा निघाला तर कुलूप, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. हा जीवाणू फ्रिजमध्येसुद्धा मजेत वाढतो आणि आपलं चीज दवाखान्यातल्या पेशंटांच्या ताटात जातं, तेव्हा बाईंचं काही चुकत नव्हतं. मी टेबल, सरकता पट्टा, गटाराची जाळी, सगळं क्लोरीनने धू धू धुतलं. (बायको म्हणाली, याच्या निम्म्याने घरची मोरी घासली असतीस तर.) तरी पुन्हा निघाला. कुलूप लागलं, कामगार घरी बसले आणि अण्णा रिकाम्या दुधाच्या टाकीपाशी स्टूल टाकून बसू लागले. ते बघवेना, म्हणून तुम्हाला फोन केला.

अण्णांना न विचारता केला, हे तुम्ही ओळखलंच असेल. आपल्या घरात 'फेज' हा शब्द शिवीसारखा वापरतात. जीवाणू खाणारा हा विषाणू अण्णांच्या उमेदीच्या काळात त्यांच्या विरजणात शिरला आणि टाकीभर दूध चीज न होता दूधच राहिलं. ते ओतून देताना अण्णांनी जे तोंड केलं होतं म्हणे, तेच मी पुढे एकदा पाहिलं. तुमचं लग्न ठरताना अण्णांची होणारी सून काय करते असं कोणीतरी विचारलं आणि उत्तर आलं, प्रयोगशाळेत फेज वाढवते. (तुम्ही घरी आलात की ते आधी 'कपडे बदलून आलीस ना' असं का विचारतात, ते आता कळलं असेल.)

बर्फाच्या डब्यातून लिस्टेरिया खाणाऱ्या फेजच्या तुमच्या बाटल्या आल्या आणि सोबत कडक सूचना. आधी साबणाने घासा, म्हणजे जंतूंनी पांघरलेला चिकट थर निघेल. मग भरपूर पाण्याने धुवा, क्लीनरचा अंश राहिला तर फेज मरतील. मग फवारा, आणि नंतर कोणीही हात लावू नका. मी सांगितल्याबरहुकूम केलं आणि अण्णांना थाप मारली की नवीन क्लीनर आहे. सकाळी अण्णांनी बाटलीवरचं लेबल वाचलं. त्यांनी बादलीत भलतं कडक क्लोरीन कालवलं आणि टेबल, पट्टा, गटार, भिंती, शिवाय माझे गमबूटसुद्धा धुऊन काढले. तुम्ही इतक्या निगुतीने वाढवलेले फेज न्याहारीच्या आत संपले.

मला याचा पत्ताच नाही. नमुना बाहेर तपासून घेतला तर लिस्टेरिया जागच्या जागी, आणि मी तुम्हालाच फोन करून सुनावलं की तुमचे फेज कामचुकार आहेत. तुम्ही फोन आपटला असतात तरी मी काही म्हटलं नसतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "भाऊजी, जरा गटाराचा वास घेऊन बघा बरं." घेतला. पोहण्याच्या तलावाचा वास आला.

त्यावर अण्णांचं आणि माझं जे बोलणं झालं ते कागदावर घालण्यासारखं नाही. शेवटी तुम्हीच त्यांना फोनवर समजावलंत की हे फेज फक्त लिस्टेरिया खातात, तुमच्या विरजणाकडे ढुंकूनही बघणार नाहीत. अण्णांनी हं हं करत ऐकलं, फोन ठेवला आणि पातेल्यात दूध घेऊन आपलं विरजण लावलं. त्यात तुमच्या उरलेल्या बाटलीतलं झाकणभर ओतलं. पातेल्याला माझा मफलर गुंडाळला आणि शेजारी बसून राहिले. जेवायलाही उठले नाहीत, झाकण कोणाला उचलू दिलं नाही. ऊन उतरल्यावर त्यांनी पातेलं गटारावर उलटं धरलं. दही जागचं हललं नाही. मग बोट घालून चाखलं (अर्थात फेजसकट) आणि मला विचारलं, "ब्रश कुठाय?"

पुढचं काम त्यांनी मला करूच दिलं नाही. पट्ट्याचा स्क्रू न् स्क्रू खोलला, तेव्हा सांध्यात तो चिकट थर सापडला. माझं क्लोरीन तिथवर कधी पोचलंच नव्हतं. तो घासला, धुतला, क्लीनर उरलाय का ते कागदाच्या पट्टीने तपासलं आणि मग फवारलं. तपासणीच्या बाई आल्या आणि टेबलापाशीच हातावर सॅनिटायझर मारू लागल्या, तर अण्णा म्हणाले, "बाई, ते तिकडे लांब जाऊन. आमचे मरतील." आमचे म्हणाले, वहिनी.

नमुना स्वच्छ निघाला. फेज आहेत म्हणून घासणं सोडायचं नाही, असं बाईंनी बजावलंय आणि ते बरोबरच आहे. काल टाकी भरली, माणसं कामावर आली, त्यांच्या घरातही काल हायसं वाटलं असेल. हे तुमचे उपकार मी विसरणार नाही. मनापासून आभार.

आता वास घेतल्याशिवाय तोंड न उघडणारा,
तुमचा दीर

ता. क. आणखी बाटल्या लागतील.

आणखी एक. अण्णा जन्मभर ज्याच्याशी भांडले तो फेज त्यांनी कधी पाहिलेला नाही. तुमच्याकडच्या त्या मोठ्या सूक्ष्मदर्शक यंत्राखाली दाखवता येईल का? स्वतः ते विचारायचे नाहीत. परवा जेवताना मध्येच म्हणाले, "तिला तो रोज दिसत असेल, नाही?"

आणि हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं. पत्र पोस्टाने आलेलं नाही, अण्णाच घेऊन आलेत. तुम्ही एवढं लांबण वाचत असताना ते समोर उभे असतील, तेव्हा आधी खुर्ची द्या. पिशवीत कालचं पहिलं चीज आहे. बाटल्या न्यायला आलो असं ते म्हणतील. बाटल्या फोनवरही मागता आल्या असत्या, हे त्यांना माहीत आहे.