तार ओढणारा हात

मंगळवार, संध्याकाळ, मुलुंड

लहानपणची ती जादूगाराची विनोदी मालिका पुन्हा दाखवणार आहेत. जादूगार ज्या तारेला लटकून उडतो, ती कॉम्प्युटरवर चित्रातून पुसायचं काम अंधेरीच्या स्टुडिओत माझ्याकडे आलं. तार गेली. मग कोपऱ्यात ती ओढणारा हात दिसला. मनगटावर लाल दोरा. बाबांचाच. सेटवर तेच तार ओढायचे.

स्टुडिओचा नियम मोडून मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढला, घरी येऊन दाखवला.

"पूस गं," बाबा म्हणाले. "हात दिसला म्हणजे माझं काम चुकलं. तेव्हा कुणाला दिसला नाही, नशीब!"

"पण अख्ख्या मालिकेत तुम्ही एवढेच आहात ना?"

"जादूगार उडाला ना? झालं तर."

हात अकरा फ्रेममध्ये आहे. अर्धा सेकंदही नाही. कोण बघणार? बाबा बघतील. उद्या पुसते. नियमाने फोटोही पुसायला हवा. तो नाही पुसणार.